दोन आणि तीनच्या मधली सभा

"दोन वार!"

पेटीवर उभ्या असलेल्या गुणवंता खोडेनं आरोळी दिली आणि पांढुर्ण्याची संत्रा मंडी जागच्या जागी थिजली. बिडी ओढणाऱ्यानं धूर तोंडातच धरला. चहावाल्यानं किटली तिरपी केली होती ती तशीच राहू दिली, चहा तेवढा खाली सांडत राहिला.

गुणवंताचा आवाज काही साधा आवाज नव्हता. त्यानं मंडीत "एक वार" म्हटलं की तिकडे स्टेशनावर मालगाडीचा गार्ड झोपेतून उठून हिरवी झेंडी दाखवायचा. एकदा तर गाडी खरोखरच सुटली आणि तिगावला पोचल्यावर ड्रायव्हरच्या लक्षात आलं की आपल्याला कोणी सोडलंच नव्हतं. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं त्या गार्डाला विचारावं. तो आता हयात नाही, ही गोष्ट वेगळी.

मंडीतल्या हर्रासाचा, म्हणजे लिलावाचा, कायदा कुठं लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो मोडायची कोणाची छाती नव्हती. बोलीवाल्यानं "दोन वार" म्हटलं की "तीन वार" म्हणेपर्यंत ढिगाभोवतालचं रिंगण त्याचं. त्यात कोणी पाय टाकायचा नाही, बोलीवाल्याला अडवायचं नाही. मालाचा गुण सांगायचा असेल तर मात्र बोलीवाला ज्याला बोलावेल त्यानं आत यावं आणि बोलावं: बगीचा कुठला, पाणी कोणत्या विहिरीचं, तोडणी कशी झाली. मधेच कोणी हर्रास मोडला, तर त्यानं तो ढीग शेवटच्या बोलीच्या भावानं घरी न्यायचा. आणि "तीन" व्हायच्या आत दिवस बुडाला तर बोली मेली, माल ज्याचा त्याला परत. एका साली एका दलालाची म्हैस रिंगणात शिरली होती. दलालानं मुकाट्यानं सगळा ढीग घेतला, तो म्हशीनं खाल्ला आणि पोळ्यापर्यंत त्या घरच्या चहाला संत्र्याचा वास येत होता.

"तीन वार! माल गेला!" गुणवंता ओरडला, आणि मंडी पुन्हा श्वास घेऊ लागली.

साल पंचाऐंशी. मृगाच्या बहाराची तोडणी जोरात होती आणि मध्य प्रदेश विधानसभेची निवडणूकही. "तीन" होण्याची वाट पाहत रिंगणाच्या कडेला एक बाई उभी होती. पांढरं लुगडं, खांद्याला कापडी पिशवी, उन्हानं रापलेला चेहरा. ही मोहगावची प्रेमलता गजभिये. लहानपणी आईबरोबर संत्री तोडायची, पुढे बालवाडीची बाई झाली आणि आता कोणत्याही पक्षाविना उमेदवार म्हणून उभी होती. निशाणी मिळाली होती शिडी. तोडणीवाल्या बायांना ती निशाणी समजावून सांगावी लागत नव्हती, त्यांचा अर्धा जन्म शिडीवरच गेला होता.

ती सरळ यशवंतरावांसमोर गेली. यशवंतराव म्हणजे दलालांचे मुख्य. त्यांच्या वडिलांनी मंडी बसवली, आणि मंडीत गुणवंताला पेटीवर उभं करायचं की दुसऱ्याला, हे दर वर्षी तेच ठरवत.

"राव, शनिवारी सभा घ्याची हाय," बाई म्हणाली. "कापसाच्या जिनाचं गोदाम देल्लं होतं, आता म्हनते तिथं रुई येऊन राहिली. धर्मशाळा देल्ली होती, तिथं म्हने चुना मारून राहिले. शाळेचं मैदान मागतलं त मास्तर म्हनते पोराइची परीक्षा हाय. मंडी द्या. माल उठल्यावर, दुपारून."

यशवंतरावांचा त्या दिवशी धंदा जोरात झाला होता आणि सगळी मंडी ऐकत होती. अशा वेळी माणसाला मोठेपणा सुचतो.

"घ्या ना बाई! मंडी काय माह्या बापाची हाय?"

ती त्यांच्या बापाचीच होती, हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे मोठा हशा झाला. शब्द दिला गेला, तो गुणवंतानं पेटीवरून आपल्या कानांनी ऐकला.

*

त्या संध्याकाळी गुणवंताची बायको इंदू मोहगावहून, माहेरहून परत आली. भाकरी टाकता टाकता म्हणाली, "आमच्या गावात त्या शिडीवाल्या बाईची सभा झाली. तुमचं नाव घेतलं तिनं."

गुणवंता फुलला. "हो? काय म्हनली?"

"जेवा आधी."

"सांग ना."

"म्हनली, पांढुर्ण्याच्या मंडीत एक भोंगा हाय. तोंड गुणवंताचं, फूक यशवंतरावाची."

गुणवंताचा घास हातातच राहिला. "आनि लोकं?"

"हासले. आमचा भाऊबी हासला."

"तू?"

"मी पदर तोंडाशी धरला होता," इंदू म्हणाली, आणि आत्ताही तो तिनं धरलेलाच होता.

त्या दिवसापासून गुणवंताचं कशात लक्ष लागेना. तो उत्तर जुळवू लागला. बगीच्यात पाणी देताना झाडांसमोर बोलून पाहिलं, म्हशीसमोर बोलून पाहिलं. उत्तर असं काही तापलं की त्या आठवड्यात म्हशीनं दूध द्यायचं सोडून मान डोलवणंच धरलं. "शनिवारी येऊ दे तिले," तो इंदूला सांगायचा. "तिच्या तोंडावर असं सुनावतो का पाह्य."

"मंग मीबी येतो आयकाले," इंदू म्हणायची. "घरी त तुमी कोनाले काही सुनावत नाई."

*

शनिवारी दुपारी माल उठला, पण माणसं हलली नाहीत. आजूबाजूच्या गावांतून तोडणीवाल्या बाया फडक्यात भाकरी बांधून आल्या होत्या. बैलगाड्या सोडून शेतकरी गवतावर बसले होते. भोंगेवाल्यानं भोंगा देतो म्हणून सांगून ऐन वेळी बॅटरी बसल्याचं कारण काढलं होतं, म्हणून बाई तशीच, उघड्या गळ्यानं बोलणार होती.

तेवढ्यात फाटकातून यशवंतराव आले. बरोबर थानेदार आणि काठीवाले शिपाई.

"सभा नाई होनार," यशवंतराव म्हणाले. "मंडीत राजकारन नाई पाहिजे आपल्याले."

"तुमीच हो म्हनलं होतं, राव. चारचौघात!"

"मी म्हनलं, माल उठल्यावर पाहू. पाहलं. नाई जमत."

बाईनं आजूबाजूला पाहिलं. त्या दिवशी हसलेली सगळी तोंडं आता चपलांकडे पाहत होती. थानेदार कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "बहनजी, इनकी जगह है, इन्होंने मना कर दिया। सभा नहीं होगी, बस। चलिए, खाली कीजिए।"

गुणवंता पेटी उचलून ठेवायच्या बेतात होता. त्याच्या पोटात ते उत्तर चार दिवस मुरलं होतं आणि बाहेर पडायला धडका देत होतं. तो यशवंतरावांजवळ गेला. आवाज जमेल तेवढा खाली आणून म्हणाला, म्हणजे फक्त अर्ध्या मंडीला ऐकू गेलं:

"राव, बोलू द्या तिले."

"तुले काय पडली? ती त तुलेच शिव्या देऊन राहिली गावोगाव."

"म्हनूनच त! मोहगावात बोलली तवा मी तिथं नव्हतो. इथं तिले बोलूच देल्लं नाई, त मी उत्तर कोनाले देऊ? म्हशीले?"

"उत्तर द्याचं कामच कायले पडते? तिचं तोंड बंद होऊन राहिलं ना आपोआप."

"तिचं तोंड दाबलं, त लोक म्हनतीन खरं होतं म्हनूनच दाबलं. मी जन्मभर भोंगाच राहून जाईन, राव. आनि दुसरं असं, का तुमी हो म्हनलं होतं. मी पेटीवर होतो. इथं पाच पैशाची बोली बोलून कोनाले मागं सरता येत नाई. तुमी त अख्खी मंडी बोलले."

यशवंतरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात मायेचाच होता, पण जड होता. "गुणवंता, पुढच्या महिन्यात तुह्या पेटीचं ठरवाचं हाय. देवीदास कवाचा मागून राहिला. समजलं ना? घरी जाय."

गुणवंताला समजलं. पेटी गेली तर घरी होती फक्त थोडी झाडं आणि ती म्हैस. त्यानं पेटीकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं, मग पलीकडे मोतीरामबुवांकडे पाहिलं. मोतीरामबुवा म्हणजे मोहगावकडचे म्हातारे शेतकरी. त्यांचा एक ढीग सकाळपासून कोणी विचारला नव्हता. गळलेला माल, पाखरांनी टोचलेला, काही फळं तर आवळ्याएवढी. ते तो पोत्यात भरत होते.

"मोतीरामबुवा, थांबा! तुमच्या मालाचा हर्रास राहिला."

"याचा?" म्हातारा चकित झाला. "अरे बापू, याले बकऱ्याबी तोंड लावत नाई."

"बकऱ्याइले कोन विचारून राहिलं? ओता पोतं."

गुणवंतानं पेटी ढिगाशी आपटली आणि वर चढला. "मोतीरामबुवाचा माल! मोहगावकडचा! बोला, काय देता!"

सगळे आ वासून पाहत राहिले. मग बायांच्या घोळक्यातून एक आवाज आला. इंदू आपल्या नवऱ्याबरोबर नांदत होती, त्याच्या डोक्यात काय शिजतंय हे तिला त्याच्या आधी कळायचं.

"शंभर रुपये!"

"शंभर! अरे, लाजा वाटू द्या, बाईमानूस बोलून राहिलं!"

एका शेतकऱ्याच्या डोक्यात उजेड पडला, त्यानं दोनशे म्हटलं. त्याच्या शेजाऱ्याच्या डोक्यात पडला, तो पाचशेवर गेला. आणि मग बोली जी सुटली ती काही विचारू नका. जन्मात कधी बोली न बोललेली माणसं बोलू लागली. एकजण तर सासऱ्याचं घरही वर टाकायला तयार होता. त्या किडक्या ढिगाचा भाव असा चढला की तेवढ्यात नवा ट्रॅक्टर आला असता, ट्रॉलीसकट. शेवटची बोली पुन्हा इंदूचीच पडली. गुणवंतानं मनातल्या मनात घर चाचपलं. घरात पितळेची घागर सोडली तर विकण्यासारखं काही नव्हतं.

"एक वार!" तो गरजला. "दोन वार!"

मंडी थिजली. आणि त्या शांततेत तो पुढे म्हणाला, "मालाचा गुण सांगाचा हाय. हे फळ कोन तोडते, कसं तोडते, त्याच्या हातात काय पडते, हे सांगाले त्याच बगीच्यात तोडनी केलेली बाई इथं हाजर हाय. या बाई. आत या."

प्रेमलताबाईला क्षणभर काही कळेना. मग कळलं. तिनं पदर खोचला आणि रिंगणात आली.

"ए! थांब!" यशवंतराव धावले. रिंगणाच्या कडेशी आले आणि एक पाय आत टाकायला उचलला.

सगळ्या मंडीनं त्या पायाकडे पाहिलं.

"टाका ना, राव," गुणवंता नम्रपणे म्हणाला. "ढीग तुमचा."

तो पाय हवेत किती वेळ राहिला याबद्दल पांढुर्ण्यात अजून एकमत नाही. त्याच्यावर एक चिमणी येऊन बसली आणि उडून गेली, असं सांगणारेही आहेत. शेवटी तो जिथून उचलला होता तिथेच परत ठेवला गेला.

थानेदार पुढे आला. "यह क्या तमाशा है?"

"हर्रास हाय साहब. नीलामी. माल का गुण बता रहे."

"यशवंतराव जी, यह नीलामी है?"

यशवंतराव कात्रीत सापडले. हो म्हणावं तर बाई बोलणार. नाही म्हणावं, तर "दोन वार" झाल्यावरही हर्रास खोटा ठरवता येतो हे त्यांच्याच तोंडून सिद्ध होणार, आणि उद्यापासून जो तो शेतकरी बोली मोडून माल परत नेणार. बाकीचे दलाल त्यांच्याकडे डोळे वटारून पाहत होते.

"...है," ते म्हणाले.

"तो मुझे नीलामी रोकने बुलाया था?" थानेदारानं टोपी काढली, एका रिकाम्या पेटीवर बूड टेकलं आणि शिपायाला म्हणाला, "जा, कहीं से अच्छे संतरे ला। इस ढेर के मत लाना।"

*

बाई बोलू लागली. सुरुवातीला मालाबद्दलच बोलली. पहाटे शिडी लावायची ती कशी, फळ ओढायचं नाही, देठाशी वळवायचं कसं. फांदी मोडली तर मजुरी कापतात, हाड मोडलं तर कोणी विचारत नाही. मागच्या बहाराला एक बाई शिडीवरून पडली, तिला बैलगाडीतून नेलं आणि गाडीचं भाडंही तिच्याच मजुरीतून कापलं. घोळक्यातल्या बाया "हो व माय, हो" म्हणू लागल्या. मग ती मोजणीवर आली. शेकड्यामागे वरची, फुकटची फळं दलाल घेतो ती कोणत्या कायद्यानं? भाव रिंगणात ठरतो की आदल्या संध्याकाळी यशवंतरावांच्या ओट्यावर?

"हर्रास बंद करा!" ती म्हणाली. "काटा आना. माल वजनानं घ्या, भाव फळ्यावर लिहा. आनि हे जे पेटीवर उभे हायत ना, हे गुणवंताभाऊ..."

गुणवंता तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. "दोन" झालेलं होतं, त्यामुळे पेटीवरून उतरायची सोय नव्हती.

"मानूस वाईट नाई. पन भोंगा हाय. इकडं यशवंतराव बोटानं इशारा करते, तिकडं हे तोच भाव ओरडते. कास्तकाराले वाटते का बोली होऊन राहिली!"

मंडी हसली. थानेदारही हसला. गुणवंताचे कान असे लाल झाले की कोणी बिडी पेटवून घ्यावी.

नेमके त्याच वेळी यशवंतराव रिंगणाला बाहेरूनच वळसा घालून पेटीच्या मागच्या कडेशी आले आणि कुजबुजले, "आयकून राहिला ना, काय म्हनते तुले? तीन म्हन. एकच शब्द, सभा खतम. ढिगाचे पैसे मी भरतो. पेटी तुही, जन्मभर."

गुणवंताच्या जिभेवर तो शब्द आला. जन्मात हजारो वेळा आला होता तसा, आपल्याच वजनानं. समोर लोक त्याच्या तोंडाकडे बोट दाखवून हसत होते, बाई अजून बोलतच होती, आणि एका शब्दात तिचं बोलणं थांबणार होतं. मग त्याच्या मनात आलं, हा शब्दही इशाऱ्यावरच निघतो आहे.

त्यानं जीभ दाताखाली धरली. दिवस बुडेपर्यंत त्यानं तोंड उघडलं नाही. त्याच्या आईनं तो जन्मल्यापासून एवढी शांतता ऐकली नव्हती.

बाईनं बोलायचं होतं ते सगळं बोलून घेतलं. सूर्य जिनाच्या चिमणीआड गेला, मग पारच गेला.

"दिवस बुडाला," गुणवंता म्हणाला. "बोली मेली. मोतीरामबुवा, माल घेऊन जा."

इंदूनं एवढा मोठा श्वास सोडला की पहिल्या रांगेतल्या टोप्या हलल्या.

"गुणवंता," यशवंतराव सगळ्यांदेखत म्हणाले. आवाज चढवला नाही. "उद्यापासून पेटीवर देवीदास."

"बरं," गुणवंता म्हणाला. तो पेटीवरून खाली उतरला. पेटी मंडीची होती, ती त्यानं पायानं यशवंतरावांकडे सारली. "आता मी मंडीचा कोनी नाई. आता माहं उत्तर. बाई, बसा. लोकहो, कोनी जाचं नाई!"

आणि तो बोलला. चार दिवस मुरवलेलं उत्तर होतं, पण त्यातल्या सगळ्या शिव्या त्याला आता आठवेनात, मुद्दे तेवढे आठवले.

"बाई म्हनते काटा आना. काटा कोनाच्या घरून येईन? यशवंतरावाच्याच ना? मले इशारा करते तो चारचौघाइच्या डोयापुढं करते. काट्याचा इशारा काट्याच्या पोटात असते, तो तुमाले कोन दाखवीन? माही चोरी तुमाले दिसली म्हनून त बाई आज बोलली! फळ्यावर भाव लिहा म्हनते. वाचनारे हात वर करा बरं."

थोडेच हात वर झाले. लोक आता बाईकडे पाहू लागले.

"शिडीचं बोलली ते खरं. शेकड्यावरच्या फळाचं बोलली तेबी खरं, ते बंद झालं पाहिजे. भोंग्याचं बोलली..." त्यानं रिकाम्या पेटीकडे पाहिलं. "भोंग्याचं आजपर्यंत खरं होतं. पन हर्रास बंद नाई झाला पाहिजे. अन मत मी बाईले देनार नाई. झालं माहं."

टाळ्या कोणासाठी वाजवायच्या हे लोकांना कळेना, म्हणून त्या खूप वेळ वाजल्या.

माणसं पांगली तशी बाई त्याच्याजवळ आली. घसा बसला होता. "गुणवंताभाऊ, काट्याचं मले पटलं नाई."

"नोको पटू दे."

"पन मी त्याचा विचार केला नव्हता. परवा रामाकोन्याले सभा हाय. तिथंबी ज्यानं अंगन देल्लं होतं तो आता नाई म्हनून राहिला. तुमी येता का?"

"मी? मी येऊन काय करू?"

"माह्याविरुद्ध बोलाले."

गुणवंतानं इंदूकडे पाहिलं. "जा ना," ती म्हणाली. "म्हैस तुमचं आयकून आयकून थकली. मीबी येतो."

*

मग जे झालं ते त्या भागातल्या जुन्या माणसांना अजून आठवतं. रामाकोन्याला अंगण मिळालं नाही, तर गुणवंता देवळासमोरच्या रस्त्यावर उभा राहिला आणि ओरडला, "या बाईचं बोलनं एकदम चुकीचं हाय! का चुकीचं हाय, हे आयकाले या!" घरात बसलेली माणसं ताटावरून उठून आली. चुकीचं काय ते ऐकायचं तर आधी बाईचं ऐकायलाच हवं होतं. जागा नाकारणाऱ्यांची पंचाईत झाली. बाईला नाही म्हणावं, तर तिच्याविरुद्ध बोलणाऱ्यालाही नाही म्हटल्यासारखं व्हायचं. एका गावात तर एकाच वेळी दोघांनी अंगण देऊ केलं आणि कोणाच्या अंगणात भांडायचं यावरून त्या दोघांचंच भांडण झालं.

ती बोलायची, तो खोडायचा, ती परत उठायची. हळूहळू तिच्या भाषणात काटा राहिला, पण तो कोणाच्या घरचा असावा हेही आलं. त्याच्या उत्तरात हर्रास राहिला, पण वरची फळं गेली. देवीदास मंडीत पेटीवर उभा राहू लागला होता. त्याचा आवाज स्टेशनापर्यंत पोचत नव्हता, आणि मालगाड्या वेळेवर सुटू लागल्या, असं म्हणतात. गुणवंता तिकडे फिरकला नाही. सकाळी झाडांना पाणी द्यायचा, म्हशीला चारा टाकायचा आणि दुपारी इंदूला घेऊन सभेला निघायचा. रात्री कधी कधी झोपेत त्याच्या तोंडून "एक वार" निघायचं. इंदू त्याला हलवून कुशीवर वळवायची.

शेवटची सभा सौंसरला होती. गावाबाहेर रामाजी नावाच्या एका शेतकऱ्यानं तूर काढलेलं शेत दिलं होतं. कोणी त्याला "देऊ नको" म्हणायला आलं होतं, पण तोवर माणसं येऊन बसली होती. एक बाक आणून ठेवला होता. बाई बाकावरून उठली, लोकांना हात जोडले, तोंड उघडलं, आणि आवाजच निघाला नाही. इतक्या गावांच्या उघड्या सभांनी घसा पुरता बसला होता. तिनं पाणी प्यायलं, पुन्हा तोंड उघडलं. नुसती फुसफुस.

लोक चुळबुळले. मागून कोणीतरी ओरडलं, "भाऊ, आज तुमचं मैदान मोकळं! बोला!"

गुणवंता उठला. त्याचं उत्तर तयार होतं, रोज घासून लखलखीत झालेलं. समोर मोठी सभा होती आणि खोडून काढणारं कोणी नव्हतं. त्यानं लोकांकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं.

"आधी बाई काय म्हनते ते सांगतो," तो म्हणाला. "नाई त माहं तुमाले समजनार नाई."

आणि त्यानं सगळं सांगितलं. शिडी कशी लावायची आणि फळ देठाशी कसं वळवायचं इथपासून. पडलेल्या बाईचं गाडीभाडं सांगितलं, यशवंतरावांचा ओटा सांगितला, काटा सांगितला, फळ्यावरचा भाव सांगितला. कुठं पाणी घातलं नाही, कुठं आवाज चोरला नाही. मधे एकदा तो अडला तेव्हा बाईनं हातानं खूण केली आणि तो म्हणाला, "हो, हो, हे राहिलंच," आणि स्वतःच्या नावानं दिलेली शिवीही त्यानं पूर्ण आवाजात, जशीच्या तशी सांगितली. लोक हसले नाहीत. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी असलेली माणसं बसली.

मग तो थांबला. गमछ्यानं तोंड पुसलं.

"हे तिचं," तो म्हणाला. "आता माहं सांगतो."

प्रेमलताबाई बाकाजवळून निघाली. पदर सावरत, तुरीच्या खुंटांमधून पाय जपून टाकत ती लोकांमध्ये आली आणि बायांच्या पहिल्या रांगेत, इंदूनं सरकून दिलेल्या जागेवर, त्याच्याकडे तोंड करून ऐकायला बसली.